हैदराबादच्या पडद्यावर तू लिहिलेली ओळ

नसरीन,

तुझा एकटीचा फोटो माझ्याकडे एकही निघाला नाही. कॉलेजच्या वार्षिक अंकात तुझ्यावर एक पान द्यायचं ठरलंय, म्हणून प्राचार्यांनी फोटो मागितला. मी फोन वरून खाली, खालून वर सगळा धुंडाळला. प्रत्येक फोटोत तुझ्याशेजारी कोणीतरी आहेच. बहुतेक ठिकाणी मी. नाहीतर विद्यार्थी. नाहीतर पोट उघडून ठेवलेला एखादा कॉम्प्युटर, आणि तू ओठांत स्क्रू धरून हसतेयस. शेवटी तुझ्या अम्मींनी तुझा ओळखपत्रासाठी काढलेला फोटो दिला. त्यात तू तुझ्यासारखी दिसत नाहीस. गप्प बसलेली दिसतेस.

पानही मीच लिहावं असं प्राचार्य म्हणाले. शिक्षण कुठे झालं, नोकरीला कधी लागली, ते सगळं ऑफिसात आहे, कोणीही उतरवून देईल. मी दोनदा लिहायला बसले. ‘नसरीन मॅडम मनमिळाऊ होत्या’ एवढं लिहिलं आणि ‘होत्या’ला अडकले. तू ‘मनमिळाऊ’ हा शब्द वाचून किती हसली असतीस तेही डोळ्यांपुढे आलं. तेव्हा ते पान राहू दे. मी तुझ्याशीच बोलते.

तुला आठवतं, आपली लॅब कशी होती? वाशीमच्या त्या इमारतीत मागच्या बाजूला, सायकल स्टँडला लागून. निम्मे कॉम्प्युटर सुरूच व्हायचे नाहीत आणि जे व्हायचे ते घरघर करत इतक्या सावकाश उघडायचे की तेवढ्यात विद्यार्थी बाहेर जाऊन चहा पिऊन यायचे. मी आसेगावहून बसने यायची, तू पाटणी चौकाच्या मागच्या गल्लीतून चालत. आपण दोघी तिथे नव्याच लागलो होतो आणि पहिल्या दिवसापासून भांडत होतो. मी म्हणायची, नवे कॉम्प्युटर मागू. तू म्हणायचीस, “कोन देते तुले नवे? आहे त्याचंच काही करू.”

त्या ‘काही करू’मधून आपलं काम उभं राहिलं. एक चांगला सर्व्हर घ्यायचा, आणि त्या एकाच्या पोटात सॉफ्टवेअरने वेगवेगळी मशीनं तयार करायची, प्रत्येक विद्यार्थ्याला आपली वेगळी. मशीन दिसायला, वापरायला खरंच; पण हात लावायला जाल तर कुठेच नाही. मग समोरचा कॉम्प्युटर कितीही जुना असो, नाहीतर हातात नुसता मोबाईल असो, आपलं मशीन कुठूनही उघडता येतं. हे मी विद्यार्थ्यांना सांगायला लागले की फळ्यावर चौकोन काढत बसायची. तू तुझ्या अब्बांच्या दुकानात, गाद्यांच्या थप्पीला टेकून, एका वाक्यात सांगितलंस.

“अब्बा, तुमी एकाच ढिगातल्या रुईतून वेगवेगळ्या गाद्या भरता नं? तसंच. ढीग एक, गाद्या बऱ्याच.”

अब्बा विचार करून म्हणाले, “पन तू तर म्हनते गादी दिसत नाई.”

“नाई दिसत.”

“मंग त्या गादीवर झोप लागते का बेटा?”

तू आणि मी दोघी हसलो. पण अब्बा हसले नव्हते. ते खरंच विचारत होते.

झोप लागली, नसरीन. काजल राठोडला लागली. पोहरादेवीजवळच्या तांड्यावरची ती मुलगी यात्रेच्या दिवसांत घरी गेली होती, वडिलांच्या नारळाच्या दुकानावर बसायला. प्रॅक्टिकल जमा करायचं राहिलं होतं. त्या गर्दीत, दुकानामागच्या ताडपत्रीखाली बसून तिने मोबाईलवर आपलं मशीन उघडलं आणि तुला फोन केला. मागे भोंगे, ढोल, माणसांचा गलका. ती ओरडत होती, “मॅडम, उघडलं! माहं मशीन इथी उघडलं!” तू फोन स्पीकरवर टाकलास आणि आपण दोघी लॅबमध्ये उभ्या राहून पोहरादेवीची यात्रा ऐकत राहिलो. त्या दिवशी तू मला पहिल्यांदा म्हणालीस, “हे आपन कोनाले तरी दाखवलं पायजे.”

दाखवायच्या आधी विजेचं काम होतं. आपल्याकडे लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही, आणि लाइट गेली की सर्व्हरला बॅटरीवर थोडाच वेळ मिळतो. तेवढ्यात सगळ्यांची मशीनं, त्यांतलं अर्धवट लिहिलेलं काम, नीट ठेवून एकामागोमाग एक बंद व्हायला हवीत. आणि लाइट आली की जिथे थांबली होती तिथून उठायला हवीत. ही व्यवस्था पूर्ण तुझी. विद्यार्थ्यांचं येणं-जाणं, त्यांचे पासवर्ड, त्यांची रडगाणी माझ्याकडे. आणि अंधार झाल्यावर काय करायचं ते तुझ्याकडे. मी कधी त्यात डोकावले नाही. गरज पडली नाही. तू होतीस.

मग त्या परिषदेचा अर्ज. हैदराबादला, मोठमोठ्या कंपन्यांची माणसं येतात, सर्व्हर, क्लाउड, आभासी मशीनं यांवर काम करणारी. आपापले प्रकल्प एकमेकांना दाखवतात. आपला प्रकल्प त्यांनी निवडला तेव्हा तू लॅबमधल्या टेबलावर चढून बसलीस आणि म्हणालीस, “आता भांडू. कोन बोलते आनि कोन करून दाखवते?”

भांडण त्यावर झालंच नाही. बोलणार मी, दाखवणार तू, हे दोघींनाही माहीत होतं. भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवर. मला सगळं आधी चित्रित करून न्यायचं होतं. म्हणजे तिथे नेट गेलं, इकडे लाइट गेली, तरी फजिती नको. तुला ते प्रत्यक्ष करून दाखवायचं होतं. भर सभेत, वाशीमच्या लॅबची वीज खरोखर बंद करायची आणि लोकांसमोर मशीनं झोपवून परत उठवायची.

“आणि नाही उठली तर?” मी विचारलं.

“त नाई उठली म्हनून सांगू. लग्नाची सीडी पाहून कोनाचं पोट भरते का व?”

यावर आपण कितीतरी दिवस बोललो. चहाच्या टपरीवर, बसस्टँडवर, तुझ्या गच्चीवर सांडगे वाळत होते तिथे. मी माझं चित्रण तुला न सांगता करूनही ठेवलं होतं, तुला ते कळलंही होतं, आणि तू काही बोलली नव्हतीस.

मग तुझ्या अंगावर ते निळे डाग दिसायला लागले.

तू म्हणालीस टेबल लागलं असेल. हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा म्हणालीस ब्रश कडक आहे. वाशीमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि पुन्हा तपासायला सांगितलं, आणि मग अकोल्याला, आणि मग नागपूरला. रक्ताचा कर्करोग हा शब्द तू मला फोनवर सांगितलास, तो असा, जणू कोणाच्या गावाचं नाव सांगतेयस. मी बसमध्ये उभी होते. माझ्या हातात दांडी होती आणि ती मी सोडली नाही एवढंच मला आठवतं.

मी नागपूरला आले तेव्हा तू खाटेवर मांडी घालून बसली होतीस. केस काढून टाकले होते, डोक्याला अम्मींचा ओढणीसारखा रुमाल. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले की मी परिषदेला कळवते, आपण येत नाही म्हणून.

तू माझ्याकडे पाहिलंस. “काहून? तू बिमार आहे का?”

“नसरीन, असं नको ना बोलू.”

“मंग कशी बोलू? मी इथून दाखवतो. लॅपटॉप आहे, नेट आहे. सर्व्हर वाशीमले, तू हैदराबादले, मी इथी. आपन पोट्ट्याइले काय शिकवलं? कुठूनही उघडते म्हनून. का ते खोटं शिकवलं?”

मी अम्मींकडे पाहिलं. वाटलं, त्या तरी नको म्हणतील. अम्मी सफरचंदाच्या फोडी करत होत्या. न पाहताच म्हणाल्या, “करने दे, वैशाली बेटा. दिनभर छत देखती है. उतना तो उसका मन लगेगा.”

मी काय म्हणणार होते? तुला बरं करण्याचं माझ्या हातात काही नव्हतं. बोलायला एक व्यासपीठ तेवढं होतं. मी ते घेऊन निघाले.

वाशीमच्या स्टेशनवरून गाडीत बसवायला अब्बा आले होते. दुकान बंद करून. त्यांनी मला पाण्याची बाटली दिली, भाकरीचा डबा दिला, आणि गाडी सुटताना खिडकीपाशी येऊन म्हणाले, “तिचं नाव घेजो तिथी. पुरं नाव घेजो.”

मी पुरं नाव घेतलं, नसरीन. सुरुवातच तिथून केली. तयार केलेलं इंग्रजी भाषण मी पहिल्या दोन-तीन मिनिटांत विसरले. समोर एवढं मोठं गार सभागृह, लोकांच्या गळ्यात ओळखपत्रं, मागे भिंतभर पडदा. मी सरळ हिंदीत आले, आपल्या हिंदीत, जी तुझ्या घरी बोलून बोलून मला आली. वाशीम कुठे आहे ते सांगितलं. आमच्याकडे सोयाबीन, तूर होते, आणि विद्यार्थी बसने येतात, हे सांगितलं. काजलची गोष्ट सांगितली, ताडपत्री आणि ढोलासकट. लोक हसले, चांगलं हसले. मग मी म्हणाले, “आता माझी सहकारी नसरीन दाखवेल. ती आत्ता इथे नाही, दुसरीकडून जोडली आहे.” कुठून ते मी सांगितलं नाही. तू बजावलं होतंस, सांगायचं नाही. त्यांना रडायला बोलावलेलं नाही, असं म्हणाली होतीस.

पडद्यावर तुझा कर्सर आला. भिंतभर मोठ्या पडद्यावर ती एवढीशी उभी रेघ लुकलुकत होती. त्या सभागृहात फक्त मला माहीत होतं की त्या रेघेच्या मागे कोण बसलंय.

अम्मींनी नंतर सांगितलं. तू सकाळपासून सिस्टरच्या मागे लागली होतीस की सलाइन डाव्या हाताला लाव, मला उजवा हात पाहिजे. लॅपटॉप अब्बांनी घरून पाठवलेल्या उशीवर ठेवला होता आणि अम्मी तो दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या, हलू नये म्हणून. शेजारच्या खाटेवरच्या बाई आणि त्यांची सून, दोघी तुझ्या मागे उभ्या राहून बघत होत्या. त्यांना काही कळत नव्हतं, पण त्या उभ्या होत्या.

तू काजलचं मशीन उघडून दाखवलंस. त्यात तिचा अर्धवट लिहिलेला प्रोग्राम. मग मी वाशीमला फोन लावला आणि लॅबमधल्या देशमुख सरांना म्हणाले, मेन स्विच बंद करा. सगळ्यांसमोर. थोड्याच वेळात पडद्यावर मशीनं एकेक करून बंद होताना दिसली, आणि मग सर्व्हरही गेला आणि पडदा काळा झाला.

हा काळा पडदा आपण कितीदा पाहिला होता लॅबमध्ये! पण तिथे उभं राहून तो पाहणं वेगळं होतं. सरांना मी मेन सुरू करायला सांगितलं होतं. सर्व्हर उठायला वेळ लागतो हे मला माहीत होतं. मी बोलत राहिले, काय बोलले आठवत नाही. माझं चित्रण माझ्या लॅपटॉपमध्ये तयार होतं. एक बटण दाबलं की झालं असतं. माझं बोट तिथे गेलंही होतं. आणि मला तू दिसलीस, उशीवरच्या काळ्या पडद्यासमोर बसलेली. मी बोट काढलं.

मग आलं. एकेक मशीन उठलं. काजलचं उघडलं आणि तिचा प्रोग्राम होता तिथेच होता, अर्ध्या ओळीवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मनापासून. मला वाटलं झालं, सुटले.

मग प्रश्न सुरू झाले. पहिले दोन-तीन नेहमीचे. नंतर मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले, वयस्क, सभ्य. त्यांनी फार चांगल्या शब्दांत कौतुक केलं आणि विचारलं, “हे सगळं तुम्ही दोघी चालवता. उद्या तुम्हा दोघींपैकी एक नसली, तर?”

त्यांची काही चूक नव्हती. हा प्रश्न अशा ठिकाणी प्रत्येकाला विचारतात. आपणही विचारला असता. उत्तरही तयार असतं: सगळं लिहून ठेवलं आहे, आणखी माणसं शिकवतो आहोत. पण माझ्या तोंडून शब्द निघेना. सभागृह वाट बघत होतं. त्यांना वाटलं असेल मला प्रश्न कळला नाही. ते पुन्हा विचारायला लागले.

तेव्हा माझ्या मागे, पडद्यावर, अक्षरं उमटायला लागली. एकेक. एका हाताने टाइप करतेयस हे कळत होतं मला. इंग्रजी अक्षरांत, हिंदीत.

‘वैशाली है ना.’

सगळं सभागृह हसलं. टाळ्या पडल्या, मघापेक्षा मोठ्या. ते गृहस्थही हसले, दोन्ही हात जोडून खाली बसले. मीही हसले असेन. कोणीतरी पुढचा प्रश्न विचारला.

नसरीन, मी हे तुला कधी विचारलं नाही. हैदराबादहून मी थेट नागपूरची गाडी धरली. येताना तुझ्यासाठी उस्मानिया बिस्किटं आणली. तुला खायला बंदी होती, तू पुडा फोडून नुसता वास घेतलास आणि अम्मींना म्हणालीस, “खाओ, मैं देखती.” आपण सगळ्यावर बोललो. कोण काय म्हणालं, कोणाची टाय वाकडी होती, जेवायला काय होतं, मी हिंदीत कुठे चुकले. “तुनं बटन दाबलं नाई,” तू म्हणालीस. म्हणजे तुला तेही माहीत होतं. “नाही दाबलं,” मी म्हणाले. “शहानी झाली,” म्हणालीस.

त्या ओळीवर मात्र आपण बोललो नाही. मी दोनदा विषयाशी आले आणि दोनदा वळले. तू ते चेष्टेत लिहिलं होतंस का? मला सोडवायला लिहिलं होतंस? की तुला तेव्हाच कळलं होतं, आणि एवढ्या लोकांसमोर, त्यांना न कळू देता, तू मला सांगून टाकलंस? मला वाटलं, बरी होऊन घरी येशील तेव्हा विचारू. गच्चीवर. सांडगे वाळत असतील तिथे.

एका गोष्टीवर मात्र भांडलो. तेही तिथेच, त्या खाटेवर. परिषदेनंतर पाच-सहा कॉलेजांनी आपला प्रकल्प मागितला होता. मी म्हणत होते, आधी नीट करू, चुका काढू, वर आपली नावं घालू, मग देऊ. तू म्हणालीस, “देऊन टाक. चुकाइसकट दे. त्याइले त्याइच्या चुका करू दे, आपल्या फुकटात मिळतीन.”

“पण अर्धवट आहे गं.”

“मंग काय झालं? काजलचं बी अर्धवटच होतं. उठलंच नं?”

मी दिला. चुकांसकट. ते बरोबर केलं की नाही हे मला अजून कळलेलं नाही, आणि आता ज्याच्याशी भांडायचं ते माणूसच नाही. हे फार वाईट आहे, नसरीन. एकट्याने भांडताच येत नाही.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. तापाने घेतलं. प्लेटलेट्स हव्या होत्या, वारंवार हव्या होत्या. मी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलं आणि वाशीमहून पोरं जीप करून आली. काजलचा भाऊ आला, मानोऱ्याचे दोघे आले, देशमुख सर आले, तुझ्या गल्लीतली मुलं आली. सगळी त्या लांब बाकड्यावर बाह्या वर करून बसली होती. कोणाचं रक्त जुळलं, कोणाचं नाही जुळलं. ज्याचं नाही जुळलं तो पोरगा माझ्यासमोर असा उभा राहिला, जसं काही परीक्षेत नापास होऊन आलाय. “मॅडम, दुसरं काही देता येत नाही का?” मी त्याला काय सांगू? मी स्वतःही तेच विचारत फिरत होते. औषधाच्या दुकानातून वॉर्डात, वॉर्डातून रक्तपेढीत, पिशवी घेऊन, कागद घेऊन. कोणी काही आणायला सांगितलं की बरं वाटायचं. कोणी काहीच सांगेनासं झालं तेव्हा मला कळलं.

अतिदक्षता विभागात एकेकाला आत सोडत होते. मी आत आले तेव्हा तुझ्या तोंडावर नळी होती. डोक्याशी पडदा होता, त्यावर रेघा, आकडे. मी जन्मभर पडदे वाचत आले. तो मला वाचता येत नव्हता. मी सिस्टरला विचारलं, हे बरं आहे का? ती म्हणाली, डॉक्टर सांगतील. मी तुझा हात धरला, उजवा. तो गरम होता. मी तुझ्या कानाशी वाकून काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, “लॅब ठीक आहे.” दुसरं काही सुचलंच नाही. एवढ्या वर्षांची मैत्री, आणि मी तुला लॅबची खुशाली सांगत होते.

तू गेलीस तेव्हा मी वाशीमला होते. कॉलेजने बोलावलं होतं, परीक्षा होत्या. दुपारची बॅच होती. फोन आला, मी ऐकला, ठेवला. समोर सगळी पोरं मान खाली घालून टाइप करत होती. लाइट होती, नेट होतं, एकही मशीन अडलं नव्हतं. सगळं चालू होतं. मला त्याचा इतका राग आला की वाटलं जाऊन मेन खाली ओढावी. ओढली नाही. बॅच संपेपर्यंत बसून राहिले. पोरांची परीक्षा होती.

तुला घरी आणलं तेव्हा गल्ली भरली होती. मी बायकांमध्ये अम्मींच्या शेजारी बसले. जनाजा उचलला तशा अम्मी उठल्या आणि दारापर्यंत गेल्या, मीही गेले. तिथून पुढे पुरुष गेले. अब्बांनी खांदा दिला होता, देशमुख सरांनीही थोडा वेळ दिला. गल्लीच्या वळणावर तू दिसेनाशी झालीस. कब्रस्तानाकडे बायका जात नाहीत; कोणी मला अडवलं नाही, मीच उंबऱ्यात थांबले. तुझ्यावर माती पडली ती मी पाहिली नाही. मला कधी कधी अजून वाटतं की तू त्या वळणाच्या पलीकडे कुठेतरी आहेस.

कॉलेजातल्या शोकसभेत एक जण म्हणाला, मॅडम आता क्लाउडमध्ये गेल्या आहेत. चांगल्या मनानेच म्हणाला असेल. मी उठून बाहेर आले. तू काही साठवून ठेवलेली नाहीस कुठे. तुला असं कुठूनही उघडता येत नाही. एवढं तरी त्यांनी समजून घ्यावं.

अब्बांनी दुकान पुन्हा उघडलंय. मी बसमधून उतरले की तिकडून जाते. ते बसायला सांगतात, चहा मागवतात. परवा ते रुईवर हात फिरवत म्हणाले, “तिनं मले समजावलं होतं, पन माह्या ध्यानात नाई राह्यलं. तू पुन्हा सांगजो कधी.” मी हो म्हणाले. ते सांगणं मलाही जड जाईल हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी ‘कधी’ म्हटलं.

आता काल काय झालं ते सांगते.

मी लॅबमध्ये होते, दुपारी. फोन आला, अनोळखी नंबर. “नसरीन मॅडम आहेत का? त्यांचा फोन लागत नाहीये.” नंदुरबारकडच्या कॉलेजातल्या वळवी मॅडम. प्रकल्प मागून घेतलेल्यांपैकी. त्यांच्याकडे वादळाने वीज गेली होती, मग आली, आणि मशीनं उठत नव्हती. मुलांचं सगळं काम त्यात. त्या घाईघाईने सांगत होत्या आणि मी त्यांना थांबवू शकत नव्हते. शेवटी थांबल्या तेव्हा मी सांगितलं.

मग त्या म्हणाल्या, “पण त्या तर मला रोज शिकवत होत्या.”

मला माहीत नव्हतं, नसरीन. तू हॉस्पिटलमधून त्यांना फोन करायचीस. त्यांनी कधी चेहराही पाहिला नव्हता तुझा. बाईंना वाटायचं तू घरीच असतेस, सुट्टीवर. एकेक पायरी समजावून सांगायचीस म्हणे, आणि काम झालं तरी फोन ठेवायची नाहीस. तुमच्याकडे कोणती भाजी मिळते विचारायचीस. घरी कोण कोण आहे विचारायचीस. नदी दिसते का खिडकीतून, विचारायचीस. “मी म्हणायची, मॅडम, तुमचं बिल वाढेल. तर म्हणायच्या, बोला हो, मला ऐकायचंय.” हे सांगताना त्या बाई रडत होत्या. मी ऐकत होते. मला तुझा हेवा वाटला, त्यांचा हेवा वाटला, आणि एवढं बरंही वाटलं की त्या छताकडे पाहत पडलेल्या दिवसांत तुला कोणीतरी नदी सांगत होतं.

मग आम्ही दोघी बसलो. त्या तिकडे, मी इकडे, फोन टेबलावर. तुझं लिहिलेलं मी उघडलं. तुझ्या सगळ्या आज्ञा, ओळीखाली ओळ. मी वाचत गेले आणि त्यांना सांगत गेले, हे करा, आता हे करून बघा. त्या करत होत्या. नाही उठत म्हणत होत्या. मी पुन्हा वाचलं. दुसरीकडून करून पाहिलं. तू एके ठिकाणी काहीतरी असं केलंयस की का केलंयस ते मला समजेना. तू असतीस तर एका शब्दात सांगितलं असतंस आणि वर चिडवलं असतंस. दुपार उतरली. लॅबमधली पोरं गेली. देशमुख सर डोकावून गेले.

शेवटी मी म्हणाले, “ताई, मले नाही येत हे.”

तू गेल्यापासून मी हे कोणाला म्हटलं नव्हतं. प्राचार्यांना नाही, पोरांना नाही, अम्मींना नाही. सगळ्यांना सांगत होते, होईल, बघते, मी आहे. त्या न पाहिलेल्या बाईला मी सांगून टाकलं, आणि मग मला रडू आलं. उंबऱ्यात आलं नव्हतं, शोकसभेत आलं नव्हतं, ते सगळं. टेबलावर डोकं ठेवून, मोठ्याने. फोन समोर चालूच होता. मला तो बंद करायचंही सुचलं नाही. मशीनं उठली का, हे तू पहिलं विचारशील. नाही उठली. आजही नाही उठलेली.

मी डोळे पुसून म्हणाले, “माफ करा हं. तुम्ही फोन ठेवा. मी बघून कळवते.”

“नाही, नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही घ्या वेळ. मी इथेच आहे.”

मागे त्यांच्याकडे कुठेतरी पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. फोन त्यांनीही ठेवला नाही, मीही नाही.